बेण्याची कोंबडी

हादोंगवालीने तांबडी कळपातून वेगळी काढली त्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं, "बाई गं, हा उद्योग करू नकोस." पण माझं ऐकेल तर ती हादोंगवाली कसली! नदीपलीकडच्या हादोंगहून ती लग्न करून आमच्या गावात आली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. नवरा गेला, लेक यॉसूला संसार मांडून बसली, तरी बाईचं नाव अजून माहेरच्या गावावरूनच. आमच्याकडे तशीच रीत आहे. मी बोसंगवाली. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी मातीची भिंत आहे आणि त्या भिंतीवर कोपरं टेकून आम्ही आजवर भांडत आलोय.

तर ही तांबडी. ती हादोंगवालीची बेण्याची कोंबडी. दरसाल उन्हाळ्यात खुडूक बसायची आणि एक अंडं वाया न घालवता सगळी पिल्लं काढायची. गावातल्या निम्म्या खुराड्यांत तिचीच वीण आहे, माझ्यासुद्धा. अंगाने भरलेली, पिवळ्याधमक पायांची, आणि कळपाची पाटलीण. दाणे टाकले की आधी ती खाणार, मग बाकीच्या. कुणी मध्ये घुसली तर डोक्यात एकच टोच. भांडण नाही, आरडाओरड नाही. कोंबड्यांचं राज्य असंच चालतं. कोण कुणाला टोचू शकते हे एकदा ठरलं की सगळ्या सुखाने खातात.

आता ही कोंबडी कापायची म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. जावई घरी आला की सासूने बेण्याची कोंबडी कापायची. म्हातारा आजारी पडला तरी तिच्या मानेला कुणी हात लावत नाही, पोरांना तर तिच्याकडे बघायचीसुद्धा बंदी, पण जावई दारात दिसला की ती गेलीच. माझा नवरा म्हणायचा, "पुढच्या जन्मी मला या घरात जावई म्हणूनच येऊ दे." अंडी घालती कोंबडी कापली की तिच्या पोटात न घातलेल्या अंड्यांचे पिवळे गोळे सापडतात, मोठ्या बोराएवढे, मण्याएवढे, मोहरीएवढे. ते जावयाच्या वाडग्यात वर तरंगताना दिसले पाहिजेत. ते दिसले की सासूने हात आखडला नाही हे सगळ्यांना कळतं. नाही दिसले तर तेही कळतं.

चार वर्षांपूर्वी हादोंगवालीची मिओक पान्सूला घेऊन पहिल्यांदा आली, तेव्हा वाडग्यात पिवळे गोळे नव्हते. कोंबडीच नव्हती. पान्सू यॉसूच्या गोदीत जहाजांना वेल्डिंग करतो. उंच, हडकुळा, बोलायला लाजणारा. हादोंगवालीने पाणीसुद्धा न विचारता पहिला प्रश्न केला, "कूळ कुठलं?" तो म्हणाला, "माहीत नाही, आई. मी अनाथाश्रमात वाढलो." झालं! बाईचं तोंड असं मिटलं की त्या दिवशी परत उघडलंच नाही. ती उठली आणि सोयाबीनच्या मोडांचं कढण करून आणलं. तेसुद्धा मोडांच्या शेपट्या न खुडता. पाहुण्याला त्या खुडूनच वाढतात, हे घरच्या माणसाला रोज वाढावं तसं. मी तेव्हा चाळणी मागायला म्हणून गेले होते. खरं सांगायचं तर बघायला गेले होते. मिओकचा चेहरा लालबुंद झाला होता. पान्सू मात्र मान खाली घालून मुकाट्याने जेवला आणि त्याने वाडगा पुन्हा पुढे केला. मला वाटलं, बिचारा अपमान गिळतोय. दुपारच्या बसने दोघं निघून गेली. लग्न यॉसूलाच झालं, आईशिवाय. त्यानंतर सणासुदीला फोन, तोही "जेवलीस का" आणि "थंडी आहे का" एवढाच.

यंदा पावसाळा सरता सरता मिओकचा फोन आला. चुसोकचा, सुगीचा सण झाला की दुसऱ्या दिवशी येतो, दोघंही. हादोंगवाली भिंतीपाशी आली, मिरच्यांचं वाळवण उगाचच वरखाली केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, तांबडी कापीन म्हणते."

मी म्हटलं, "काप की. मग?"

"काही नाही. सांगितलं आपलं."

मी तोंड फिरवून अंगण झाडायला घेतलं. चार वर्षांचा हट्ट त्या एका वाक्यात तिने गिळला होता, आणि तो गिळताना कुणी आपल्या तोंडाकडे पाहिलेलं तिला खपलं नसतं.

पण इथून पुढे ती अक्कल पाजळायला लागली. कोंबडी आणखी चरबीदार हवी म्हणून तिने तांबडीला उचललं आणि स्वयंपाकघरात चुलीमागे डालग्याखाली डांबलं. शिजवलेले सातू, भिजवलेलं सोयाबीन, सुक्या मासळीची डोकी. असा पाहुणचार तिने नवऱ्याचा कधी केला नव्हता.

"अगं, ठेवायचीच तर डालगं अंगणात ठेव," मी म्हटलं. "बाकीच्यांना ती दिसली पाहिजे. डोळ्याआड गेली की परकी झाली."

"कोंबड्यांना काय एवढं कळतंय! त्यांची अक्कल केवढी?"

"तुझ्याएवढी आहे. म्हणून सांगते."

ती फणकारून आत गेली. पालथ्या घड्यावर पाणी.

तांबडी आधी हावरटासारखी खात होती. मग खाईना. दिवसभर डालग्यातून गळा काढायची, तुरा फिकट पडला, आणि चरबी चढायची ती उतरायला लागली. हादोंगवाली घाबरली. म्हणाली, एकटीला करमत नाहीये, जाऊ दे तिला मैत्रिणींत. आणि भरदुपारी, सगळ्या कोंबड्या अंगणात असताना, तिला त्यांच्यामध्ये सोडून दिलं.

मैत्रिणी! एवढ्या दिवसांत खुराड्यात नवं राज्य आलं होतं. ठिपक्यांची एक कोंबडी होती, कालपर्यंत जिला कुणी विचारत नव्हतं, ती आता पाटलीण झाली होती. तांबडी आपल्या जुन्या तोऱ्यात दाण्यांकडे गेली. ठिपकीने तिच्या तुऱ्यालाच धरलं. एकीने धरलं म्हटल्यावर बाकीच्याही आल्या. मी भिंतीवरून उडी मारण्याच्या वयाची नाही, म्हणून फाटकातून वळसा घालून पळत गेले, तोवर तांबडीच्या शेपटीजवळची, पाठीवरची पिसं उपटून निघाली होती आणि रक्त आलं होतं. कोंबड्यांना लाल दिसलं की संपलंच. भूक नसली तरी टोचतात, वैर नसलं तरी टोचतात. टोचायला मिळतंय ना, मग टोचायचं.

आम्ही दोघींनी मिळून तिला सोडवलं. मी म्हटलं, "आत ने, कोमट पाण्याने धू, आणि चुलीची काजळी तेलात कालवून लाव. काळं झालं की कुणाला लाल दिसणार नाही."

"बरं," ती म्हणाली.

ती बरं म्हणाली तिथेच मला संशय यायला हवा होता. ही बाई बरं कधी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आरडाओरडा ऐकू आला. जाऊन बघते तर तांबडी पुन्हा अंगणात, आणि आख्खा कळप तिच्या पाठीमागे लागलेला. काल टोचत होत्या, आज मेजवानी झोडत होत्या. ठिपकी तर चोच पुसून पुसून परत येत होती. मी तांबडीला उचललं, तिची मागची बाजू बघितली, वास घेतला, आणि कपाळाला हात लावला.

"काय लावलंस गं हिला?"

"देंजांग," हादोंगवाली म्हणाली. "दुसरं काय लावणार?"

देंजांग म्हणजे आमचं मुरलेल्या सोयाबीनचं खारट वाटण. प्रत्येक घरामागे त्याचे माठ असतात, कढणात तेच, भाजीत तेच. आणि जखमेवरसुद्धा तेच. मधमाशी चावली, लाव देंजांग. भाजलं, लाव देंजांग. पोराचं डोकं फुटलं, दाब वर देंजांग. आमच्या आयांनी केलं, आम्ही केलं. त्याने बरं होतं की आपोआप बरं होतं हे कुणी विचारलं नाही. पण माणसाच्या गुडघ्यावर लावलेलं देंजांग दुसरं माणूस येऊन खात नाही! आणि हिच्या कोंबड्या वर्षभर कोंडा आणि भाजीच्या देठांवर जगलेल्या. ना कसली मासळी, ना सोयाबीन, ना मिठाचा कण. सगळा खुराक एकट्या तांबडीला चुलीमागे चाललेला. त्यांना आयतं मुरवलेलं, खारट, खमंग ताट कुणीतरी तांबडीच्या पाठीवर वाढून आणून दिलं होतं. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते लोक नुसतं म्हणतात. हिने करून दाखवलं.

"आणि परत सोडलीस कशाला?"

"म्हटलं, औषध लावलंय. आता काय होतंय?"

मला हसू आलं असतं. पण तिने तांबडीला माझ्या हातातून घेतलं, जखम बघितली, आणि तिथेच मातीत फतकल मारून बसली. म्हणाली, "आता मी त्याला काय वाढू, अक्का? लेकीला परत काय तोंड दाखवू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी नवऱ्याच्या मयतीलासुद्धा पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तसं मी दाखवलं नाही.

मग मी तिचं खुराडं हातात घेतलं. विचारत बसले नाही. कोंबड्या एकमेकींना टोचायला लागल्या की नुसतं "हुश हुश" करून भागत नाही, त्यांचं पोट, त्यांचं अंथरूण आणि त्यांचा रिकामा वेळ, तिन्ही बघावं लागतं. खुराड्यातल्या बसायच्या दांड्या उलट्या केल्या तर खालच्या बाजूने बारीक लाल किडे बुजबुजलेले. रात्रभर रक्त पीत असणार. ज्याची झोप रोज मोडते तो दिवसा दुसऱ्याच्या अंगावर जातोच, माणूस असो की कोंबडी. दांड्या उकळत्या पाण्याने धुतल्या, खाचांमध्ये रॉकेल घातलं, उन्हात वाळवल्या. कोपऱ्यात राखेचा खड्डा केला, त्यात त्या लोळल्या की अंगावरचे किडे जातात. सोयाबीनचा चोथा आणि मासळीची डोकी आता सगळ्यांना. खुराड्याच्या खिडकीवर गवताची चटई टांगली, उजेड कमी झाला की डोकी थंड राहतात. आणि त्यांच्या मानेच्या जरा वर दोरीने कोबीचा गड्डा लोंबकळत ठेवला, म्हणजे उड्या मारा आणि त्याला टोचा, एकमेकींना नको. ठिपकीच्या चोचीचं टोक छाटावं असं मी म्हटलं, पण हादोंगवाली नको म्हणाली. "तिचा काय दोष? मीच तिला पाटलीण केली." तेवढं एक ती शहाण्यासारखं बोलली.

कळप शांत झाला. पण तोवर आणखी दोघीतिघींच्या पाठी उघड्या पडल्या होत्या, आणि ज्यांच्या पडल्या नव्हत्या त्या रक्ताला चटावलेल्या. तांबडी पुन्हा चुलीमागे, पाठीला माझी काजळी, आणि हादोंगवाली तिला हाताने भरवतेय. जखम भरत होती. पण सण तोंडावर आला होता.

"माझी घेऊन जा," मी म्हटलं. "माझी बेण्याची कोंबडी. नाहीतरी तुझ्याच तांबडीची लेक आहे."

"उसनी कोंबडी? जावयाला?"

"त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

"मग तांबडीच काप. शिजवल्यावर पाठ कोण बघतो?"

"टोचलेली कोंबडी त्याच्यापुढे ठेवू? माझ्याच अंगणातल्यांनी सोललेली?"

शेवटी तिने कोंबडा कापला. तरणा, गलेलठ्ठ, एका पिसालाही धक्का न लागलेला. सबंध कळपात तेवढाच एक धडका होता.

चुसोकच्या दुसऱ्या दिवशी दोघं आली. पान्सूने दोन हातांनी एवढा मोठा नाशपतीचा खोका धरलेला, नव्या सदऱ्याची कॉलर टोचत असणार, कारण तो सारखी मान वळवत होता. त्याने सासूपुढे जमिनीला डोकं टेकवलं. हादोंगवाली म्हणाली, "बस झालं, बस झालं, उठा," आणि स्वतःच गडबडून उठली. मी मदतीला म्हणून थांबले होते. या वेळी चाळणीचं निमित्तसुद्धा काढलं नाही.

जेवणाचा चौरंग मांडला. उकडीच्या करंज्या, तीन तऱ्हेच्या भाज्या, भाजलेली मासळी, आणि मध्ये मोठ्या वाडग्यात लसूण, वाळकी बोरं आणि चिकट तांदूळ भरून शिजवलेला अख्खा कोंबडा. वास असा सुटला होता की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. हादोंगवालीने स्वतःच्या हाताने तंगडी तोडून पान्सूच्या वाडग्यात ठेवली आणि वर रस्सा ओतला.

मिओकने चमचा उचलला. आईकडे नाही, नवऱ्याकडे नाही, ती फक्त त्याच्या वाडग्यात बघत होती. तिने चमच्याने रस्सा एकदा ढवळला. मग पुन्हा खालपर्यंत ढवळला. खेड्यात वाढलेली पोर, ती काय शोधत होती ते मला कळलं आणि तिच्या आईलाही कळलं. पिवळा गोळा एकही नव्हता.

"कोंबडा आहे," मिओक म्हणाली.

"चांगला भरलेला आहे," हादोंगवाली म्हणाली.

"तांबडी कुठाय?"

हादोंगवालीने मासळीचा काटा काढायला घेतला. तिने एवढंच सांगायचं होतं, की बाई, अशी अशी गंमत झाली, मी तुझ्या नवऱ्यासाठी जिवाचा आटापिटा केला आणि सगळं मुसळ केरात गेलं. पण नाही. गाढवपणा कबूल करण्यापेक्षा ती जीभ तोडून देईल. आणि तेवढ्यात, जणू आपलं नाव ऐकूनच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून तांबडी डुलत डुलत बाहेर आली. समोरून बघितलं तर चांगली धडधाकट.

मिओकने चमचा खाली ठेवला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. "जिवंत आहे की. छान. चार वर्षांपूर्वी मोडांचं कढण, आता कोंबडा. आणखी चार वर्षांनी कदाचित अंडं मिळेल. आई, तुला तो नकोय हे एकदा सरळ बोलून टाक ना. म्हणजे आम्ही परत यायला नको. त्याला कुणी नाही, म्हणून त्याच्या वाडग्यात काहीही टाकलं तरी चालतं, असंच ना?"

"अगं पोरी, आधी त्या कोंबडीला मागून तरी बघ!" मी म्हटलं. मला राहवलंच नाही. मी तांबडीला पकडलं आणि फिरवून तिच्यापुढे धरलं. काजळी फासलेली, अर्धवट पिसं फुटलेली ती बोडकी पाठ बघून मिओक मागेच सरकली. मग मी सगळं सांगितलं. डालगं, सातू, ठिपकी, देंजांग, सगळं. हादोंगवाली मध्येच "अक्का, पुरे" म्हणाली, पण मी सुरू झाले की पुरे होत नाही.

देंजांगपाशी आल्यावर मिओकच्या ओठाचा कोपरा हलला. पण डोळे तसेच होते. "ते असू दे, काकू," ती म्हणाली. "या वेळचं कळलं. त्या वेळचं काय? ते कढण? शेपट्यासुद्धा खुडल्या नव्हत्या."

हादोंगवाली मासळीचे काटे बशीच्या कडेला लावत राहिली.

तेव्हा पान्सू बोलला. इतका वेळ तो आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता, परगावच्या बाजारात उभा असल्यासारखा. "त्या कढणात काय वाईट होतं?" त्याने विचारलं.

त्याने बायकोकडे बघितलं. "तूच तर म्हणाली होतीस, पहिल्या भेटीला तुमच्याकडे तेच करतात."

मिओकने मान खाली घातली. चार वर्षं तिने त्याला सांगितलंच नव्हतं. आणि सांगणारं दुसरं कोण होतं त्याला? जावई, सासू, बेण्याची कोंबडी हे ज्या घरात बोललं जातं तसलं घर त्याने पाहिलंच नव्हतं. अपमान कळायलासुद्धा आधी कुणीतरी मान दिलेला असावा लागतो.

पान्सू सासूकडे वळला. मान लाजून अर्धी खाली. "आई, आश्रमात मोठ्या पातेल्यात सगळ्यांचं एकत्र शिजायचं. फक्त मला म्हणून कुणी चूल पेटवली ती तुम्हीच, त्या दिवशी. मी पुन्हा मागून घेतलं होतं, आठवतं का? घरी मी हिला किती वेळा म्हटलं, तसं कढण कर. ही चिडते. का चिडते ते कधी कळलं नाही. आणि केलं तरी तसं होत नाही, ही शेपट्या खुडून टाकते." मग तो घाबरून घाईघाईने म्हणाला, "कोंबडा छान झालाय हं, आई. पण ते... ते थोडं मिळेल का?"

हादोंगवाली उठली. काही न बोलता आतल्या खोलीत गेली. तिथे उबदार कोपऱ्यात काळ्या फडक्याखाली मोडांचा माठ असतो, तो सगळ्यांच्याच घरी असतो. तिने ओंजळीने मोड उपसले, टोपली भरली आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढे बसली. बराच वेळ झाला तरी पाणी चढवल्याचा आवाज येईना, म्हणून मी आत गेले.

ती एकेक मोड उचलत होती, शेपटी नखाने खुडत होती आणि दुसऱ्या भांड्यात ठेवत होती. नाकातून पाणी गळत होतं ते बाहीला पुसत होती. तांबडी तिच्या गुडघ्याशी उभी राहून खाली पडलेल्या शेपट्या टिपत होती.

"अगं, त्याला शेपट्यांसकटच आवडतं," मी म्हटलं. "आत्ताच म्हणाला ना."

"कळलंय मला. त्याला तसंच करते, वेगळं काढलंय ते. पण एक वाडगा तरी मी जावयाला करतात तसा करणार."

एवढ्या मोडांच्या शेपट्या खुडायच्या म्हणजे कोंबडा थंडगार होईपर्यंत बसावं लागलं असतं. मी तिच्याशेजारी बसले आणि टोपलीत हात घातला. तिने माझ्या हातावर फाडकन चापट मारली.

"सोड," ती म्हणाली. "माझा जावई आहे."